बद्द

मार्चमधली गोष्ट. गुलमर्गच्या स्की शिबिराहून येऊन चार दिवस झाले होते आणि सामान अजून ओसरीवर वाळत पडलं होतं. शेजारचे सुभेदारकाका सकाळी चहाला आले. त्यांनी त्या पसाऱ्यातून एक लांबट पिशवी उचलली, आतलं नळ्यांचं जुडगं बाहेर काढलं आणि विचारलं, "तंबूचं काय रे हे?" म्हटलं, काका, प्रोब आहे. बर्फाखाली माणूस गाडला गेला तर टोचून शोधायला. त्यावर ते काही बोलले नाहीत. दोरीचं टोक मुठीत धरून त्यांनी नळ्या समोर फेकल्या, दोरी खेचली, आणि खटाखट आवाज करत सगळे तुकडे एकमेकांत बसून माणसापेक्षा उंच काठी उभी राहिली. हे मला नीट जमायला दोन दिवस लागले होते. काठी घेऊन काका परसात गेले आणि पिंजराच्या गंजीत त्यांनी ती खुपसली. बाहेर काढली, वीतभर बाजूला सरकून परत खुपसली. चौथ्या-पाचव्या खेपेला हात थांबला. "आमच्या वेळी जड असायच्या," एवढंच म्हणाले. परत येऊन चहा घेता घेता त्यांनी शिकवणारा उस्ताद कसा होता ते विचारलं, जेवण कसलं होतं ते विचारलं, आणि कप खाली ठेवताना म्हणाले, "आणि कोण परत फिरूया म्हटलं न्हाई काय? एकदा पन?"

"तशी वेळच आली नाही, काका."

हे खोटं होतं.

काका मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. बेळगावात यात नवल काही नाही, १९२२ पासून रेजिमेंटचं ठाणं इथंच आहे. आमच्या अनगोळच्या गल्लीत दर चार घरांमागं एक फौजी सापडतो आणि कॅम्पात पहाटे धावणाऱ्या रिक्रुटांच्या बुटांचा आवाज ऐकतच आम्ही मोठे झालो. काकांनी एक मुदत वर, ग्लेशियरवर काढलीय. त्याबद्दल ते बोलत नाहीत. कारगिलबद्दल बोलतात, नागालँडबद्दल तर हसून हसून बोलतात, पण बर्फाचा विषय निघाला की तंबाखू मळायला घेतात. अशा माणसानं स्वतःहून एकच प्रश्न विचारला आणि मी त्याला थाप मारली. दिवसभर कामात होतो तरी ती थाप दातात अडकलेल्या सुपारीसारखी जाणवत राहिली.

मुळात बेळगावच्या माणसानं स्की करायला जावं हेच लोकांना पटत नाही. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवरचं हे गाव. इथं पांढरं काही पडलं तर फार तर मे महिन्यातली गारपीट, तीसुद्धा पोरं ग्लासात भरून घेतात. मी उद्यमबागेत एका फौंड्रीत कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागांची, तपासणी करतो. तापलेल्या धातूच्या वासात वीस वर्षं काढल्यावर थंडीची ओढ लागली असेल म्हणा. दोन हिवाळे साध्या उतारांवर पडत-उठत शिकलो, आणि या वर्षी स्की टूरिंग आणि हिमस्खलनाचं प्रशिक्षण असं आठ दिवसांचं एकत्र शिबिर केलं. निघताना आईनं दोन किलो कुंदा बांधून दिला होता. उणे दहात त्याचा दगड झाला. आमच्या तुकडीतल्या पुण्याच्या मुलीनं बर्फाच्या फावड्याच्या कडेनं तो फोडला आणि सगळ्यांनी बुखारीवर, म्हणजे तिथल्या शेगडीवर, धरून मऊ करून खाल्ला.

टूरिंग म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण स्की म्हटलं की लोकांना घसरणंच दिसतं. इथं आधी चढायचं असतं. स्कीच्या तळाला एक पट्टी चिकटवतात, तिला स्किन म्हणतात. पूर्वी ती खरोखर सीलच्या कातड्याची असायची. मांजराच्या पाठीसारखी तिची लव एकाच दिशेला झोपते, त्यामुळं पुढं सरकता येतं, मागं घसरायला होत नाही. टाच मोकळी असते. तीन-तीन तास सर्र-टक, सर्र-टक करत नागमोडी वर जायचं, वर पोचल्यावर पट्ट्या सोलून छातीशी जॅकेटमध्ये ठेवायच्या, टाच बांधायची आणि दहा मिनिटांत खाली. हिशोबाला बसणारा धंदा नाही हा. पण त्या चढात एक लय लागते. आपला श्वास, पुढच्याच्या स्कीची मागची टोकं, आणि अफरवाट डोंगराच्या मागं पीर पंजालच्या रांगा. गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे दोरावरचा पाळणा, चार हजार मीटरच्या जरा खालीपर्यंत नेऊन सोडतो. गस्तीच्या लोकांनी राखलेला उतार तेवढा सुरक्षित. दोरी ओलांडून पलीकडं गेलात की तुमचं तुम्ही.

पहिले तीन दिवस आम्ही नुसते गाडलेल्या पिशव्या शोधत होतो. प्रत्येकाच्या छातीला एक यंत्र बांधलेलं असतं, ट्रान्सीव्हर. जगात कुठंही घेतलं तरी ते ४५७ किलोहर्ट्झवरच बोलतं, त्यामुळं कुणाचंही यंत्र कुणालाही ऐकतं. एरवी ते संदेश सोडत राहतं. कुणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापलं यंत्र शोधण्यावर टाकायचं. पडद्यावर बाण आणि आकडा. चाळीस, एकतीस, अठरा. आकडा उतरेल तसं वेग कमी करत यंत्र बर्फाला टेकवायचं, मग आडवं-उभं फिरवून सगळ्यांत लहान आकडा पकडायचा आणि तिथून गोल गोल प्रोब टोचत जायचं, वीतभर अंतरानं. लागला की काढायचा नाही, तसाच ठेवायचा आणि उताराच्या खालच्या बाजूनं खणायला घ्यायचं. पहिल्या खेपेला माझा बाण वेड्यासारखा फिरत होता. उस्ताद शांतपणे जवळ आला, माझ्या छातीच्या खिशातून मोबाइल काढला आणि स्वतःच्या खिशात टाकला. शोधताना फोन अर्धा मीटर लांब हवा, नाहीतर यंत्र गोंधळतं, हे आदल्या संध्याकाळी वहीत लिहून घेतलं होतं मी.

खणणं सगळ्यांत वाईट. कोसळून थांबलेला बर्फ भुसभुशीत राहत नाही, बघता बघता सिमेंटसारखा घट्ट होतो. मीटरभर खोल पिशवी काढायला आम्ही चौघं पाळीपाळीनं फावडी मारत होतो, आणि पिशवी हाताला लागली तेव्हा उस्तादानं घड्याळ दाखवलं. बावीस मिनिटं. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहाजणांतले नऊ जगतात. अर्ध्या तासानं काढले तर तीन. आम्ही त्या पिशवीवरचा बर्फ झटकला, जशी काही तिला थंडी वाजत असेल, आणि कुणी कुणाकडं बघितलं नाही.

मला तेव्हा २०१६ आठवलं. ३ फेब्रुवारीला सियाचीनमध्ये सोनम पोस्टवर दहा जवान गाडले गेले आणि सहा दिवसांनी त्यातले लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद जिवंत सापडले. त्यांचं बेटदूर गाव शेजारच्या धारवाड जिल्ह्यातलं. त्या दिवसांत आमच्या फौंड्रीत मराठी-कानडी सगळे एकाच टीव्हीपुढं उभे असायचे. कँटीनवाल्या अण्णानं देवापुढं नारळ ठेवला होता. ११ फेब्रुवारीला ते गेल्याची बातमी आली तेव्हा कुणीतरी टीव्ही बंद केला आणि कोअर शॉपमधलं मशीन तेवढं चालू राहिलं. दहातले नऊ आणि दहातले तीन ही गणितं तेव्हा मला माहीत नव्हती. माहीत असती तर ते सहा दिवस कसे काढले असते कोण जाणे.

चौथ्या दिवशी खड्डा खणला. उतारावर कमरेएवढा चर काढून त्याची भिंत फावड्यानं तासून गुळगुळीत केली की बर्फाचे थर दिसतात, चिरोट्याच्या कडेसारखे. प्रत्येक थरात आधी मूठ दाबून बघायची, नाही शिरली तर चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल, मग सुरी. वरचा थर पेन्सिलीचा होता. त्याखाली मूठ अलगद आत गेली. उस्तादानं तिथला बर्फ माझ्या हातमोज्यावर ठेवला आणि मी बघतच राहिलो. साखर. आमच्या चिकोडी-निपाणीच्या कारखान्यांतून पोत्यात पडते तशी, मोठ्या दाण्याची, एकमेकाला न चिकटणारी. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो. खाली जमीन त्यामानानं उबदार आणि वर हवा मरणाची गार. त्या फरकामुळं आतली वाफ वर सरकते आणि कणांचे असे कोरडे स्फटिक होतात. त्यांच्यावर मग महिनाभर बर्फ साठत राहतो. साखरेच्या पोत्यावर फरशी ठेवून तिच्यावर उभं राहण्यातला प्रकार. उतार ३० ते ४५ अंशांचा असला की फरशी सुटायला निमित्त हवं, आणि अपघातात सापडणाऱ्या दहांतल्या नऊ जणांच्या बाबतीत ते निमित्त ते स्वतः असतात, नाहीतर त्यांच्यातलाच कुणी.

मग उस्तादानं त्या भिंतीतून एक चौकोनी खांब मोकळा केला, वर फावडं आडवं ठेवलं आणि त्यावर हात मारायला लागला. दहा टपल्या मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. किती टपल्यांना खांब तुटून सरकतो ते मोजायचं. आमचा कोपराच्या तिसऱ्या टपलीला गेला. बाकीचे वहीत लिहीत होते आणि मी मनातल्या मनात हसत होतो, कारण हे तर माझं रोजचं काम. एसजी आयर्नचं, म्हणजे बिडाचं, कास्टिंग घासून साफ होऊन आलं की साखळीला टांगायचं आणि हातोडीनं टुण्ण करून मारायचं. चांगलं असेल तर घंटेसारखं वाजतं, आवाज लांबत जातो. आत भेग असली, किंवा लोखंडच नीट जमलेलं नसलं, तर बद्द वाजतं. त्यापुढं मोजमापं घ्यायची गरजच नाही, लाल खडूनं फुली. मडकं घेताना आई बोटाच्या पेरानं वाजवून बघते तेच हे. आवाज खोटं सांगत नाही, असं मी नव्या पोरांना मोठ्या ऐटीत शिकवत आलोय.

सहाव्या दिवशी आम्ही सहाजण आणि उस्ताद एका रुंद सोंडेवरून चढत होतो. त्या दिवशीचा हिमस्खलनाचा धोका पाचपैकी तीन. हा तीन मोठा फसवा आकडा. पाच असला तर कुणी घराबाहेर पडत नाही, सगळ्यांत जास्त माणसं जातात ती या तीनवर. सोंड सौम्य होती, वीस-बावीस अंश. पुढं मात्र एक उतार आडवा ओलांडायचा होता, चौतीस अंशांचा, एकेकानं, मधे अंतर ठेवून. निघताना उस्तादानं रोजचा नियम सांगितला होता. कुणीही नको म्हणू शकतो, कारण द्यायची गरज नाही, एकानं नको म्हटलं की सगळे परत. आणि दुसरं, "जो सुना, जो दिखा, बोलो. तय मैं करूंगा."

मी शेवटून दुसरा होतो. त्या सकाळी माझं बाइंडिंग, बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, दोनदा निसटलं होतं आणि माझ्यापायी सगळे दोनदा थांबले होते. दुसऱ्या खेपेला पुढून कुणीतरी सुस्कारा टाकला, तो मला वाऱ्यातही ऐकू आला. उस्ताद बराच पुढं, सोंडेच्या वळणापलीकडं गेलेला. मी डावी स्की टाकली, वजन दिलं, आणि पायाखालून आवाज आला.

बद्द.

फार मोठा नव्हता. जमिनीखाली कुणीतरी जड पेटीचं झाकण टाकावं तसा. पायाला बोटभर खचल्यासारखं जाणवलं आणि बाजूच्या बर्फावर केसाएवढी रेघ उमटली. वजनानं खालचा साखरेचा थर बसतो आणि त्यातली हवा बाहेर पडते, त्याचा तो आवाज. डोंगरानं सरळ तोंडानं सांगावं इतकी स्पष्ट खूण. आदल्या दिवशी अर्धा तास यावरच शिकवलं होतं. मी थांबलो. मागं पुण्याची मुलगी थांबली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. तिचे ओठ जरा हलल्यासारखे वाटले, गॉगलमुळं नक्की सांगता येत नाही. मग पुढून हाक आली, "चलो चलो," आणि मी उजवी स्की पुढं टाकली.

वीस वर्षं हातोडी मारून कास्टिंगला फुल्या मारणारा मी, तिसऱ्यांदा थांबवलं तर ही माणसं काय म्हणतील या विचारानं चालत राहिलो. खरं सांगायचं तर तेवढाही विचार केला नव्हता. फक्त तोंड उघडलं नाही. तो उतार आम्ही एकेकानं ओलांडला. माझी पाळी आली तेव्हा मधोमध असताना वारा पडला होता आणि मला माझ्याच जॅकेटची चेन वाजताना ऐकू येत होती. काही झालं नाही. पलीकडं सगळ्यांनी फोटो काढले. उतरतानाचा बर्फ इतका सुरेख होता की मी, लाज वाटते सांगायला, मोठ्यानं ओरडलो आनंदानं. संध्याकाळी बुखारीभोवती बसून उस्तादानं एकेकाला विचारलं, आज कुणाला काही दिसलं, ऐकू आलं? माझी पाळी आली, मी म्हटलं सगळं ठीक. ती मुलगी बूट सुकवत होती. तिनंही ठीकच म्हटलं.

हिमस्खलनाच्या अपघातांत माणसं कशी चुकतात यावर इयन मॅककॅमन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं ७१५ अपघात तपासले होते, १९७२ ते २००३ या काळातले. शिबिरात त्याचा धडा होता. अडाणी माणसंच मरतात असं नाही. शिकलेली माणसं, धोक्याच्या खुणा समोर असताना, ओळखीच्या उतारावर, चारचौघांत वाईट दिसायला नको म्हणून जातात. तो धडा ऐकताना मी मान डोलावली होती, वहीत खाली रेघही ओढली होती. ज्या गुलमर्गात आम्ही हे शिकत होतो तिथंच खिलनमर्गला ८ फेब्रुवारी २०१० रोजी लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे सतरा जण गेले. बर्फात राहायचं कसं हे जिथं शिकवतात तिथले. ही गोष्ट मला आधीपासून ठाऊक होती. नुसतं ठाऊक असल्यानं जीभ सुटत नाही.

घरी आल्यावर हे डोक्यात घोळत असताना मला राहून राहून वडिलांची स्कूटर आठवायला लागली. आमचं आजोळ वेदगंगेच्या पलीकडं. पावसाळ्यात अक्कोळ-सिदनाळ बंधारा पाण्याखाली जातो, तसाच जत्राट-भिवशीचाही. दर जुलैला पेपरात बातमी ठरलेली. मी सात-आठ वर्षांचा असेन. पाणी बंधाऱ्यावरून वाहत होतं, कडेचे दगड दिसत नव्हते, आणि वडिलांनी बजाज तशीच घातली. मी पुढं उभा, आई मागं, तिच्या मांडीवर आजीसाठी घेतलेली मिठाईची पेटी. सायलेन्सरमध्ये पाणी जाऊ नये म्हणून वडील ॲक्सिलरेटर पिळून धरत होते आणि मागून बुडबुडबुड आवाज येत होता. मी पायाशी बघितलं तर लाल पाणी माझ्या चपलांवरून जात होतं, एक चप्पल गेलीसुद्धा. पलीकडं पोचल्यावर मामानं वडिलांना मिठी मारली. ती गोष्ट पुढं आमच्याकडं प्रत्येक लग्नात, प्रत्येक जेवणावळीत सांगितली गेली. दर वर्षी पाणी बोटभर चढत गेलं. वडील गेल्यावरही मामा ती सांगतो. गोष्ट सुरू झाली की आई चहाचं बघायला आत जायची, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं. या एप्रिलमध्ये मी तिला सहज विचारलं, तुला भीती वाटली नव्हती? ती कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, "वाटली की. हातापायातलं बळ गेलं होतं." मग बोलली का नाहीस? "काय बोलायचं? ह्यांचा मूड गेला असता. आन् पोचलो की आपण."

पोचलो की आपण. मीही तेच केलं होतं.

जुलैत मामेभावाच्या मुलाचं बारसं होतं. गाडी भाऊ चालवत होता, मागं आई, वहिनी आणि मोबाइल पुढं धरून बसलेला पुतण्या. बंधाऱ्यावर पाणी होतं, फार नाही, चाकाच्या निम्म्यालाही नसेल. समोरून एक ट्रॅक्टर आला, त्याच्यामागं दुधाचे कॅन लावलेला मोटारसायकलवाला. भावानं पहिला गिअर टाकला.

"नको," मी म्हटलं.

"काय नको? रोजचंच हाय की रे हे."

"माझं मन घेत नाही. निपाणीकडनं जाऊया."

"पाऊण तासाचा फेरा हाय लेका. तू आनि बर्फातला म्हणून कधीपासून भ्यायलास?" पुतण्या हसला. वहिनी घड्याळ बघत होती. माझे कान तापले. बाहेर बेडूक ओरडत होते आणि काचेवर वायपर एकटाच कुरकुरत होता. मला काही ऐकू आलं नव्हतं, बद्द वगैरे काही नाही. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आई खिडकीतून पाण्याकडं बघत होती. मग ती म्हणाली, "फिरव गाडी." तेवढंच. भावानं गाडी इतक्या रागानं वळवली की मागचं चाक चिखलात फसलं आणि मला आणि पुतण्याला उतरून ढकलावी लागली. तोवर आणखी दोन गाड्या आमच्या बाजूनं पार झाल्या, त्यातल्या एकानं हात पण केला. पोचलो तेव्हा नाव ठेवून झालं होतं, पाळणा म्हणून झाला होता, आणि आमच्या वाटेला गार घुगऱ्या आल्या. मामी दोनदा म्हणाली, सगळे आले की बंधाऱ्यावरनं. दुपारपर्यंत तर पाणी उतरलंच. परत येताना आम्ही त्याच बंधाऱ्यावरून आलो, कोरड्या चाकांनी, आणि भाऊ एक शब्द बोलला नाही.

त्या रात्री मी काकांकडं गेलो. ते ओसरीवर रेडिओ लावून बसले होते, पाऊस पन्हाळीतून बादलीत पडत होता. बारशाची हकिकत सांगितली, ते हसले. मग मी म्हटलं, काका, मार्चमध्ये तुम्ही विचारलं होतं, तेव्हा मी खोटं बोललो. आवाजाचं सांगितलं, रेघेचं सांगितलं, बुखारीपाशी दुसऱ्यांदा गप्प बसलो तेही. त्यांनी रेडिओ बंद केला. बराच वेळ नुसती बादली वाजत होती.

"आमच्यात एकानं म्हटलं होतं," ते म्हणाले.

मी पुढचं ऐकायला थांबलो. पुढं काही आलं नाही, आणि विचारायचा धीर मला झाला नाही. त्यांनी खिशातून चंची काढली, चुना लावला, तंबाखू मळायला घेतली. बादली भरली तशी मी उठून ती अंगणात ओतली आणि परत पन्हाळीखाली ठेवली.